फेरपालटीचा आभास

महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्या दरम्यानच्या तांबड्या मातीच्या पठारावर, भिलारच्या उतारांवर किंवा घाटाखाली वाईच्या अंगाला, स्ट्रॉबेरीच्या बागायतदारांशी औषधफवारणीचा विषय काढला असता एक मत थोड्याफार फरकाने सर्वत्र ऐकावयास मिळते; आणि ते मत केवळ बागायतदारांचे नसून त्यांना औषधे पुरविणाऱ्या दुकानदारांचे व गावोगाव सल्ला देत फिरणाऱ्या प्रतिनिधींचेही असल्यामुळे त्याची दखल सविस्तर घेणे मला कर्तव्य वाटते. ते मत असे की, बुरशीनाशकांची शास्त्रोक्त फेरपालट ही शेकडो एकरांच्या परदेशी मळेवाल्यांना परवडणारी गोष्ट आहे. ज्याच्या पदरी पंधरा-वीस गुंठे जमीन, ज्याच्या बागेत दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोडा आणि ज्याचा माल त्याच संध्याकाळी मुंबई-पुण्याच्या गाडीत चढला पाहिजे, त्याने गटवारीची कोष्टके हाती घेऊन बसू नये. जे औषध लागू पडते ते दर आठवड्याला मारावे, ते लागू पडेनासे झाले की दुसरे घ्यावे, आणि दुसरेही थकले की कंपन्या तिसरे काढतीलच.

या मतामागे अनुभव आहे आणि विवंचनाही आहे, हे मी प्रथमच मान्य करतो. देशातील स्ट्रॉबेरीच्या उत्पादनापैकी सुमारे ८५ टक्के उत्पादन ज्या टापूतून येते असे सांगितले जाते, ज्या टापूच्या फळाला २०१० साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, त्या टापूतील सामान्य कुटुंबाची वर्षाची सारी मिळकत नोव्हेंबर ते एप्रिल एवढ्या अवधीत त्या लहानशा फळातून निघावयाची असते. परदेशातून आणलेले मातृरोप, त्यावर धरलेली रोपे, गादीवाफे, मल्चिंगचा कागद, ठिबकाच्या नळ्या, मजुरी आणि पनेटचा खर्च आधीच होऊन बसलेला असतो. आणि डिसेंबरात चार दिवस अवकाळी पाऊस व त्यामागून दाट धुके आले की, पिकलेल्या फळांवर करड्या बुरशीची लव एका रात्रीत दिसू लागते. अशा वेळी माणूस हाताशी येईल ती बाटली पाठीवरच्या पंपात ओततो, यात त्याचा दोष फारसा नाही. दोष आहे तो त्या घाईच्या कृतीलाच सिद्धान्ताचे रूप देऊन ती इतरांच्या गळी उतरविणाऱ्या विचारसरणीचा. माझा वाद तिच्याशी आहे.

या विचारसरणीचा पहिला आधार असा की, बाटलीवरील नाव बदलले म्हणजे औषध बदलले. ही समजूत किती फसवी आहे हे दुकानाच्या फळीवरील एका महिन्याच्या खरेदीवरून दाखविता येईल. समजा, एका बागायतदाराने पहिल्या आठवड्यात टेब्युकोनॅझोल व ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन यांचे तयार मिश्रण नेले. दुसऱ्या आठवड्यात ॲझॉक्सिस्ट्रोबिन व डायफेनोकोनॅझोल यांचे. तिसऱ्या आठवड्यात हेक्झाकोनॅझोल, आणि चौथ्यात क्रेसॉक्सिम-मिथाइल. चार निरनिराळ्या कंपन्यांची चार वेष्टणे, चार भाव, सहा रासायनिक नावे. पावत्या पाहणारा कोणीही म्हणेल की या मनुष्याने कसोशीने फेरपालट केली. परंतु बुरशीच्या बाजूने हाच हिशेब मांडला तर महिनाभरात तिच्यावर दोनच प्रकारचे आघात झाले. टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल आणि हेक्झाकोनॅझोल हे तिघे एकाच कुळातले. बुरशीच्या पेशीपटलाला लागणारा अर्गोस्टेरॉल नावाचा घटक तयार होण्याच्या मार्गावर तिघेही एकाच टप्प्यावर आडवे येतात. उरलेले तिघे स्ट्रोबिल्युरिन. ते बुरशीच्या श्वसनातील सायटोक्रोम-बी या एकाच प्रथिनावर बसतात. बुरशीनाशकांच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास करण्यासाठी १९८१ साली स्थापन झालेल्या ‘फ्रॅक’ या आंतरराष्ट्रीय समितीने याच कारणास्तव प्रत्येक औषधाला त्याच्या क्रियास्थानाप्रमाणे अंक दिला आहे. पहिल्या तिघांचा अंक ३, दुसऱ्या तिघांचा ११. ज्या बुरशीने ११ क्रमांकाच्या एका औषधाला दाद न देण्याची युक्ती साधली, तिला त्या क्रमांकाची बाकीची औषधे नवी राहत नाहीत.

ही युक्ती किती अल्पशा बदलाने साधते, हे ज्यांनी समजून घेतले नाही त्यांनाच ‘लागू पडेनासे झाले की बदलू’ असे म्हणण्याचे धाडस होते. सायटोक्रोम-बी या प्रथिनाच्या साखळीतील १४३ व्या स्थानी असलेल्या ग्लायसिनच्या जागी ॲलॅनिन आला, एवढ्या एका फरकाने स्ट्रोबिल्युरिनचे सारे कूळ निष्प्रभ होते. कार्बेन्डाझिम व थायोफॅनेट-मिथाइल ज्या बीटा-ट्यूब्युलिनवर काम करतात त्यातील १९८ व्या स्थानचे ग्लुटामिक आम्ल बदलले की तेही कूळ गेले. हा बदल कोणी शिकवावा लागत नाही. एका सडलेल्या फळावर लक्षावधी बीजाणू तयार होतात, एका बागेत अशी फळे किती असतात हे तोडणाऱ्या बायकांना विचारावे. एवढ्या अफाट संख्येत असा एखादा चुकार बीजाणू औषधाच्या आधीच हजर असतो. औषध त्याच्या भाऊबंदांना मारते आणि त्याला मोकळे रान देते. दुसऱ्या फवारणीला तीच निवड, तिसऱ्याला तीच. आणि बागायतदाराला जेव्हा प्रथम जाणवते की ‘औषध लागू पडत नाही’, तेव्हा बागेतील बहुसंख्य बुरशी बदललेली असते. लागू न पडणे ही प्रतिकारशक्तीची सुरुवात आहे असे समजून जो धोरण आखतो, त्याने तिच्या शेवटाला सुरुवात मानले.

याला इतिहासाचा दाखला आहे. कार्बेन्डाझिमच्या कुळातील बेनोमिल हे औषध १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले, तेव्हा शेतकऱ्यांनी व शास्त्रज्ञांनीही त्याचे स्वागत मोठ्या आशेने केले. रोपाच्या अंगात शिरून काम करणारे, अल्प मात्रेत पुरणारे असे औषध तोवर विरळाच होते. दोन-तीन वर्षांच्या आतच युरोप-अमेरिकेतून त्याला न जुमानणाऱ्या भुरीची आणि करड्या बुरशीची वृत्ते येऊ लागली. पुढे वापर थांबविल्यावरही ही बुरशी आपली सवय सोडीना. वर्षानुवर्षे औषध न मारलेल्या बागांतही तिचे वंशज टिकून राहिलेले आढळले. म्हणून ‘काही दिवस विश्रांती देऊ, मग पुन्हा लागू पडेल’ हा तोडगाही या कुळाच्या बाबतीत भरवशाचा नाही. आपल्याच राज्यात द्राक्षांच्या बाबतीत काय घडले ते पाहावे. महाराष्ट्रातील द्राक्षबागांतल्या केवड्यावर स्ट्रोबिल्युरिनचा सपाटा वर्षानुवर्षे चालला, आणि २०१६ मध्ये मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्या औषधांना न जुमानणारा केवडा या राज्यातील बागांत असल्याचे प्रसिद्ध केले. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराने मोजलेली ही किंमत महाबळेश्वरच्या बागायतदाराने पुन्हा स्वतःच्या खिशातून मोजण्याचे कारण काय?

ट्रायॲझोलच्या, म्हणजे ३ क्रमांकाच्या कुळाच्या बाबतीत पतन असे एकाएकी होत नाही. ते हळूहळू होते, आणि म्हणूनच अधिक फसवे ठरते. पहिल्या वर्षी पंपाला दहा मिलिलीटर पुरत होते, पुढे पंधरा लागले, मग वीस. बागायतदार म्हणतो, ‘औषधात आता पूर्वीसारखा दम राहिला नाही, भेसळ असावी.’ भेसळही पुष्कळदा असते, हे मी नाकारीत नाही. परंतु प्रत्येक वाढीव मात्रेबरोबर भुरीची थोडी अधिक सोशिक संतती निवडली जात असते, आणि वाढीव मात्रेचा अंश फळावर राहतो तो निराळाच.

येथे निवडीचा प्रश्न येतो, आणि तो फेरपालटीच्याही आधीचा आहे. करडी बुरशी, भुरी, करपा आणि मुळे व खोड कुजविणारे रोग ही चार निरनिराळी दुखणी आहेत; त्यांच्यावर एकच बाटली उपाय म्हणून सांगणारा मनुष्य ती कोणाला विकतो आहे याचा विचार करीत नाही. मेटॅलॅक्झिल खोडकुजीच्या फायटोफ्थोरावर काम करते. करड्या बुरशीला त्याचा काडीचाही उपद्रव होत नाही. गंधक भुरीवर उत्तम, करड्या बुरशीवर व्यर्थ. ट्रायॲझोल भुरीवर उपयोगी, पण करड्या बुरशीवर त्यांची मातब्बरी फारच थोडी. आणि तरीही धुक्याच्या आठवड्यात फळे सडू लागली की हेक्झाकोनॅझोलच्या बाटल्या खपतात. भुरी ही दव न पडताही, नुसत्या दमट हवेत, छपराखालच्या बागेत जोराने वाढते आणि पानावर पाणी साचून राहिले तर उलट तिचे बीजाणू हतबल होतात. करड्या बुरशीला ओलावा हवा असतो, आणि १५ ते २५ अंशांच्या आतले तापमान तिला मानवते. पानाची मागची बाजू पाहून, फळावरची लव करडी आहे की पांढरी हे पाहून, देठाजवळचा डाग खोलगट आहे की नाही हे बोटाने चाचपून मगच दुकानाची पायरी चढावी. एवढी तसदी घेतली नाही तर पुढचे गटवारीचे शास्त्र निरर्थक आहे.

प्रतिपक्षाचा दुसरा आधार तयार मिश्रणांचा आहे. ‘आता एकाच पुडीत दोन औषधे येतात, एक हुकले तरी दुसरे धरते, मग फेरपालट हवीच कशाला?’ हा युक्तिवाद वरवर सयुक्तिक दिसतो आणि त्याची एक अट पाळली गेली तर तो अंशतः खराही आहे : मिश्रणातील दोन्ही घटक त्या बुरशीवर स्वतंत्रपणे प्रभावी असले पाहिजेत. कार्बेन्डाझिम व मँकोझेब यांचे सर्वपरिचित मिश्रण घ्या. बागेतली करडी बुरशी जर कार्बेन्डाझिमला मानत नसेल, तर त्या पुडीत काम करणारा घटक एकटा मँकोझेब. कार्बेन्डाझिम हा केवळ प्रवासी. बागायतदार मात्र त्या यशाचे श्रेय ‘आत शिरणाऱ्या’ घटकाला देतो आणि पुढल्या वेळी कार्बेन्डाझिम एकटेच घेऊन येतो. टेब्युकोनॅझोल-ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिनचे मिश्रण करड्या बुरशीवर मारले तर मुळातच दुबळ्या घटकाच्या सोबतीने स्ट्रोबिल्युरिनवर सारा भार पडतो. मिश्रण हे दोन औषधांचे संरक्षण आहे की एकाच औषधाचे सोंग, हे बुरशी कोणती आणि तिची पूर्वपीठिका काय यावर ठरते. पुडीच्या दर्शनी भागावर ते छापलेले नसते.

आता मी अशा आक्षेपाकडे वळतो, जो प्रतिपक्षाने अजून केलेला नाही, पण जो त्याला माहीत असता तर त्याने अवश्य केला असता, आणि जो फेरपालटीच्या पुरस्कर्त्यांना सर्वांत जड जातो. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यातील क्लेमसन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तेथील स्ट्रॉबेरीच्या बागांतील करड्या बुरशीची तपासणी केली, तेव्हा एकाच बुरशीत अनेक कुळांच्या औषधांना तोंड देण्याचे सामर्थ्य एकवटलेले आढळले. काही नमुने सात कुळांना पुरून उरणारे होते. अशी बुरशी बागेत आली की, ११ क्रमांकाचे औषध मारले तरी तीच टिकते, बोस्कॅलिडसारखे ७ क्रमांकाचे मारले तरी तीच, १७ क्रमांकाच्या फेनहेक्सामिडने तिचेच फावते. म्हणजे एका कुळाचे औषध न वापरताही त्या कुळाविरुद्धचा प्रतिकार दुसऱ्याच औषधाच्या पाठीवर बसून वाढत जातो. मग फेरपालट करून लाभ काय? या प्रश्नाचे उत्तर टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्तर असे की, नुसत्या फेरपालटीने निभाव लागत नाही, हे खरे आहे. परंतु त्यातून ‘वाटेल ते मारा’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे धरणाला एक भेग पडली म्हणून दुसऱ्या बाजूचे दरवाजे उघडून टाकण्यासारखे आहे. त्यातून निघणारा खरा निष्कर्ष उलट दिशेचा आहे. एकाच क्रियास्थानावर बेतलेल्या औषधांचा एकंदर वापर, मग ती कोणत्याही क्रमांकाची असोत, शक्य तेवढा कमी करावा; आणि फवारणीचा कणा अशा औषधांवर ठेवावा, की ज्यांच्यापासून बुरशीला सुटका सापडलेली नाही.

अशी औषधे आहेत. कॅप्टान १९५० च्या दशकाच्या आरंभापासून वापरात आहे आणि सत्तरांहून अधिक वर्षांनंतरही बागेत त्याचा पराभव झाल्याचे क्वचितच कोणी सांगेल. कारण ते बुरशीच्या पेशीतील एका नव्हे, अनेक प्रथिनांवर एकाच वेळी घाला घालते, आणि इतक्या सगळ्या जागा एकदम बदलणे तिला साधत नाही. मँकोझेब याच प्रकारात मोडते, भुरीपुरते गंधकही. मग ही जुनी औषधे मागे का पडली? कारणे क्षुल्लक नाहीत. ही औषधे पानाच्या पृष्ठभागावरच राहतात, रोपाच्या आत शिरत नाहीत. त्यामुळे ती पाऊस येण्याआधी मारावी लागतात, नंतर मारून उपयोग नाही. कॅप्टानचे पांढरट डाग फळावर राहिले तर पनेट भरताना व्यापारी नाक मुरडतो. ते अल्कधर्मी पाण्यात विरघळविले तर काही मिनिटांतच त्याचा प्रभाव ओसरू लागतो, म्हणून चुना किंवा बोर्डो मिश्रणाबरोबर ते कदापि मिसळू नये. तेलयुक्त औषधाबरोबर किंवा त्याच्या लगोलग मारले तर पाने भाजतात. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या कौशल्याने सुटणाऱ्या आहेत. पाण्याचा सामू तपासण्याची कागदी पट्टी चार पैशांत मिळते. फुलोऱ्याच्या काळात, फळ धरण्यापूर्वी, हे औषध वापरले तर फळावर डाग पडण्याचा प्रश्नच उरत नाही.

आणि फुलोऱ्याचा काळ हाच करड्या बुरशीच्या दृष्टीने मर्माचा काळ आहे, ही गोष्ट दर आठवड्याच्या फवारणीचे समर्थक लक्षात घेत नाहीत. सडलेले फळ दिसले की ते फळावर औषध मारतात. आपल्या बागेत एखादे हिरवे, हरभऱ्याएवढे फळ हाती घेऊन त्याची हिरवी निदले उलटून पाहावी : खाली सुकलेल्या पाकळीचा एखादा तुकडा आणि काळवंडलेले पुंकेसर चिकटलेले असतात. करड्या बुरशीचा शिरकाव प्रायः तेथूनच होतो. फूल उमललेले असताना बीजाणू पाकळ्यांवर व पुंकेसरांवर पडतात, त्या कोमेजल्या की त्यांत रुजतात, आणि तेथून फळाच्या गाभ्यात शिरून, फळ हिरवे असेतोवर निपचित पडून राहतात. फळात साखर भरू लागली की मग बाहेर येतात. आज तांबड्या फळावर दिसणारी लव तीन-चार आठवड्यांपूर्वीच्या फुलाच्या वेळी झालेल्या संसर्गाचे फलित असते. तांबड्या फळावर मारलेले औषध त्या फळाला वाचवीत नाही. ते फक्त ग्राहकाच्या ताटापर्यंत पोचते. स्ट्रॉबेरीला साल काढून खाण्याची सोय नाही, हे आपण विसरतो. ज्या औषधाच्या वेष्टणावर तोडणीपूर्वी सात दिवसांची मुदत पाळण्यास सांगितले आहे, ते दर तिसऱ्या दिवशी तोडा चालणाऱ्या बागेत मारणे हा सरळ सरळ नियमभंग आहे, मग त्या औषधाचा क्रमांक कोणताही असो.

दर आठवड्याच्या फवारणीला तिचे समर्थक विम्याची उपमा देतात. नोव्हेंबर ते मार्च असे वीस-एकवीस आठवडे धरले तर त्या हिशेबाने वीस फवारण्या होतात. त्यांपैकी किती ओल्या आठवड्यात पडल्या आणि किती कोरड्या? जानेवारीत पठारावर असे कितीतरी आठवडे येतात की जेव्हा दिवसा ऊन कडक असते, वारा सुटलेला असतो आणि पहाटेचे दव सूर्य वर आल्यावर तासाभरात उडून जाते. करड्या बुरशीला रुजावयास लागणारा दीर्घ ओलावा तेव्हा मिळतच नाही. फ्लोरिडात, आपल्यासारख्याच हिवाळी हंगामात स्ट्रॉबेरी घेणाऱ्या प्रदेशात, तेथील विद्यापीठाने पानावरील ओलाव्याचे तास आणि तापमान मोजून फवारणीचा इशारा देणारी पद्धत बसविली आहे. तिच्या आधारे बागायतदारांनी फवारण्यांची संख्या काही हंगामांत निम्म्यापर्यंत खाली आणली, आणि उत्पन्न घटले नाही. आपल्याकडे प्रत्येक बागेत यंत्र बसविण्याची ऐपत नसेल. परंतु एका गावापुरते एक ओलावामापक आणि एक तापमापक बसवून त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज सकाळी लिहिण्यास किती खर्च येतो? कमी फवारणी ही फेरपालटीची पहिली पायरी आहे. जी फवारणी झालीच नाही, तिने कोणत्याही प्रतिकारक्षम बुरशीची निवड केली नाही.

राहिला प्रश्न लहान बागायतदाराच्या असहायतेचा. ‘मी एकट्याने गट पाळले आणि बांधापलीकडच्याने वाटेल ते मारले, तर वारा त्याची बुरशी माझ्याकडे आणणारच’ असे निरुपायाने म्हणणारे शेकडो आहेत, आणि त्यांच्या हतबलतेचा फायदा वर सांगितलेली विचारसरणी घेते. वारा बीजाणू आणतो हे खरे. तथापि करड्या बुरशीचा मुख्य साठा पुष्कळदा त्याच गादीवाफ्यावरच्या वाळलेल्या पानांत, आणि दोन वाफ्यांमधल्या सरीत फेकलेल्या सडक्या फळांत असतो. तोडा करताना सडके फळ सरीत टाकायचे आणि मग संध्याकाळी पंप पाठीवर घ्यायचा, हा क्रम ज्या बागेत चालतो तेथे बुरशी शेजाऱ्याकडून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तोडणाऱ्या बाईच्या कमरेला दुसरी एक पिशवी बांधून सडकी फळे बागेबाहेर नेऊन पुरणे, हे काम कोणाच्या अनुमतीवर अवलंबून नाही.

शेजाऱ्यापेक्षा अधिक काळजी करावयास हवी ती रोपाची. मातृरोपे परदेशातून येतात, पावसाळ्यात त्यांच्यावर धावत्या फांद्यांपासून रोपे धरली जातात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ती बागेत लागतात. अमेरिकेतील अभ्यासांत असे दिसून आले आहे की, औषधांना न जुमानणारी करडी बुरशी रोपवाटिकेतून आलेल्या रोपांबरोबरच बागेत उतरते. करप्याचाही प्रवास असाच, रोपावर लक्षण न दिसता होतो. म्हणजे बागायतदाराने हंगामातील पहिली बाटली उघडण्यापूर्वीच त्या रोपावर दुसऱ्या कोणीतरी काय काय मारले याचा हिशेब चुकता व्हावयाचा असतो. असे असता रोप विकणाऱ्याने कोणत्या तारखेला कोणत्या घटकाची फवारणी केली याची लेखी नोंद रोपांबरोबर देणे बंधनकारक का असू नये? रोपवाटिकेत ज्या कुळाचे औषध वापरले ते पुढे बागेत शक्य तो टाळावे, हा साधा नियमही त्या नोंदीवाचून पाळता येत नाही. याबाबतीत लहान बागायतदार एकटा पडतो, हे प्रतिपक्षाचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो. आणि म्हणूनच ही मागणी त्याच्या संघांनी सामुदायिकरीत्या केली पाहिजे.

दुकानदाराविषयी एक तजवीज सुचवितो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वेष्टणावर घटकाचे रासायनिक नाव असतेच. ते नाव आणि त्याचा गट पावतीवर लिहावा, एवढेच. चार आठवड्यांच्या पावत्या एका तारेत अडकवून ठेवल्या की बागायतदाराला आपल्याच हाताने आपली फेरपालट तपासता येईल, आणि ‘मागच्या वेळी ११ होता, आता ११ नको’ असे म्हणता येईल. एका हंगामात ७ किंवा ११ क्रमांकाचे औषध दोनदा, फार तर तीनदा, आणि तेही लागोपाठ न देता. मधल्या काळात अनेक ठिकाणी घाला घालणारे औषध किंवा हवा कोरडी असेल तर काहीच नाही. मोठ्या बहराच्या वेळी आणि पावसाचा अंदाज असताना सर्वांत प्रभावी ते राखून ठेवलेले. ७ क्रमांकाच्या बोस्कॅलिडला दाद न देणारी बुरशी त्याच क्रमांकाच्या फ्लुओपायरमला काही वेळा बळी पडते. तरीही हिशेबात दोन्ही एकच धरावीत, कारण कोणत्या बागेत कोणता बदल झाला आहे हे प्रयोगशाळेशिवाय सांगता येत नाही. स्ट्रॉबेरीचे नाव अधिकृत मान्यतेच्या यादीत ज्यांच्यापुढे आहे अशी औषधे मुळातच थोडी आहेत, ही अडचण सरकारची आहे. थोड्या क्षेत्राच्या पिकाला कंपनी स्वतःच्या खर्चाने चाचण्या करीत नाही, तर त्या चाचण्या सार्वजनिक पैशाने झाल्या पाहिजेत. यादीबाहेरचे औषध वापरण्यास बागायतदाराला भाग पाडावयाचे आणि मग फळातील अंशाबद्दल त्यालाच जबाबदार धरावयाचे, हा अन्याय आहे.

आणि प्रयोगशाळा? खुद्द महाबळेश्वरात महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. तेथील थंड, दमट हवेत गेरवा सहज जगतो, म्हणूनच ते तेथे उभारले गेले. आणि गेरव्याचे नवे नवे वंश निर्माण होऊन गव्हाच्या प्रतिकारक्षम वाणांना कसे नमवितात याचे निरीक्षण तेथील अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. बुरशी बदलते, हे ज्या गावात इतक्या बारकाईने नोंदले गेले, त्याच गावच्या शिवारात ‘बुरशी बदलत नाही, औषधच खराब निघाले’ असे बोलले जावे, याचे मला मनापासून दुःख होते. क्लेमसनमध्ये बागायतदार सडक्या फळावरून कापसाचा बोळा फिरवून तो प्रयोगशाळेकडे पाठवितो आणि थोड्याच दिवसांत कोणत्या कुळाची औषधे त्याच्या बागेत निरुपयोगी झाली आहेत याचा लेखी अहवाल त्याच्या हाती पडतो. त्यासाठी लागणारी उपकरणे दुर्मिळ नाहीत : काचेच्या तबकड्या, माध्यम, ठराविक मात्रेतील औषधे आणि बीजाणू रुजतो की नाही हे पाहणारा एक मनुष्य. हे काम येत्या नोव्हेंबरात पहिला बहर येण्यापूर्वी सातारा जिल्ह्यात सुरू व्हावे. प्रत्येक गावातून नमुने घ्यावेत, आणि त्यांचे निकाल गावाच्या नावानिशी चावडीवर लावावेत, म्हणजे कोणत्या शिवारात कोणता क्रमांक संपला आहे याबद्दल दुकानाच्या फळीवर वाद घालण्याचे कारण कोणालाही उरणार नाही.